करडी दुपारीच का रुसते?

सकाळच्या उजेडाला त्या अंगणात यायची कधीच घाई नसे. आधी समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर त्याची एक फिकट कड उमटे. मग झोपलेल्या कुणावरची चादर हलकेच ओढावी तसा तो गच्चीच्या कठड्यावरून खाली सरके, रात्रभर दोरीवर विसरलेल्या एखाद्या सदऱ्याच्या बाहीत शिरे, भिंतीच्या सुटलेल्या पोपड्यांपाशी थोडा रेंगाळे आणि कुंपणाच्या जाळीतून चौकोन चौकोन होऊन फरशीवर उतरे. त्यात सोनेरी वगैरे काही नव्हते. नुकत्याच पुसलेल्या काचेसारखा साधा, रोजचा उजेड. पण पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला मुलगा तो रोज नव्याने पाहत असे. इतक्या सावकाश चालणारे दुसरे काहीच त्याच्या ओळखीचे नव्हते. आज तो उजेड पत्र्याच्या शेडखाली पोहोचला आणि नुसत्याच फरशीवर पडला. तिथे तेलाचा एक काळा डाग होता. गाडी नव्हती.

एवढ्यात कुंपणावरून आरोळी आली, "आली! करडी आली! गॅरेजवाले उस्ताद स्वतः घेऊन आले!"

ही शेजारची तोफ. ते नाव तिने मेहनतीने कमावले होते. पायरीवरच्या मुलाला घरीदारी घुम्या म्हणत, कारण दिवसाकाठी त्याच्या तोंडून ओंजळभरच शब्द पडत. आणि त्याचा धाकटा भाऊ सदानकदा त्याच्या मागे असे, म्हणून तो शेपूट. शाळेला सुट्टी लागल्यापासून तिघांना दुसरे काम नव्हते. पण आज सकाळपासून एक काम त्यांची वाट पाहत होते, हे त्यांना अजून ठाऊक नव्हते.

करड्या रंगाची ती जुनी गाडी धडधडत शेडखाली येऊन थांबली. उस्तादांनी उतरून बॉनेटवर थाप मारली.

"एका किल्लीत सुरू! रात्रभर माझ्याकडे उभी होती, आणि सकाळी किल्ली फिरवली की खाड्‌कन! तिसऱ्यांदा सांगतोय, गाडीत काही बिघाड नाही."

"मग दुपारी का सुरू होत नाही?" आत्याने विचारले. गाडी तिची होती. आत्या जनावरांची डॉक्टर. तिची औषधांची पेटी खांद्याला कायम लटकलेली असे.

"म्हातारी झाली," उस्ताद म्हणाले. "आणि म्हातारपणाला पाना लागत नाही, बाई."

बाबा हातात चहाचा कप घेऊन बाहेर आले. ते गोदामात मालाच्या बांधणीवर देखरेख करत. त्यांच्या सदऱ्याची घडीसुद्धा पट्टीने आखल्यासारखी दिसे.

"ऐकलंस ना?" ते आत्याला म्हणाले. "डोंगरापलीकडे एकटीने गोठे फिरायचे, आणि भरवसा असल्या गाडीचा? रानात मधेच बंद पडली तर काय करशील? त्या दवाखान्याला आज संध्याकाळी फोन कर. सांग, जमणार नाही."

"दादा, त्यांना स्वतःची गाडी असलेलाच डॉक्टर हवाय. दुसरी गाडी मी कुठून आणू?"

"म्हणूनच म्हणतो, जमणार नाही. हिला भंगारात देऊ."

आत्याने खांद्यावरच्या पेटीचा पट्टा घट्ट धरला. डोंगरापलीकडच्या त्या दवाखान्याचे नाव घेताना तिचा चेहरा कसा उजळे, ते सगळ्यांनी पाहिले होते. आता तो दिवा कुणी विझवावा तसा दिसत होता.

"नाही," कुणीतरी म्हणाले.

सगळे वळून पाहू लागले. घुम्या पायरीवरून उठला होता.

"काय नाही?" बाबांनी विचारले.

"गाडी म्हातारी झालेली नाही. उस्ताद तिला सकाळीच तपासतात. ती आजारी पडते दुपारी! ताप उतरल्यावर रोग्याला पाहायचं आणि म्हणायचं, याला काही झालेलंच नाही!"

शेपटाने आ वासला. आपला दादा एवढं बोलू शकतो, हे त्यालाही नवीन होते. उस्ताद खो खो हसले. "अरे वा! बोलायला लागला की हा! पोरा, या हातांनी किती इंजिनं उघडली, माहीत आहे का?"

"उघडली असतील. पण आमचं गरम असताना नाही उघडलं," तोफ कुंपणावरूनच कडाडली.

"मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही!" बाबा म्हणाले.

घुम्याचे कान लाल झाले. पण तो खाली बसला नाही. "फोन संध्याकाळी करायचाय ना? मग संध्याकाळपर्यंत गाडी आमची."

बाबांनी आत्याकडे पाहिले. आत्या हसू दाबत होती. "माझी हरकत नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांना रोगी सोपवला!"

उस्ताद हसत गॅरेजकडे परतले. मग बाबाही कामावर निघून गेले. जाताना त्यांनी फाटकाची सैल झालेली साखळी खिशातल्या दोऱ्याने नीट बांधली.

"हं, डॉक्टर, सुरुवात कुठून?" आत्याने गाडीत बसत विचारले.

"बॅटरी!" तोफ म्हणाली.

"टायर!" शेपूट म्हणाला.

"टायरचा काय संबंध, शेपटा?"

"काय ठाऊक! पण पाहायला काय जातं?"

आत्या म्हणाली, "जनावराला बोलता येत नाही. कुठे दुखतंय ते ते सांगत नाही. मग मी त्याच्या मालकाला दोनच गोष्टी विचारते. कधी दुखतं? आणि कधी दुखत नाही? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा."

घुम्याने मान हलवली. आणि हलवता हलवता तोफेचे म्हणणे त्याच्या कानावर आले. तोफेला हळू बोलता येत नसे. पण आता ती प्रयत्न करत होती. "घुम्या, गाडी बरी झाली, तर आत्या जाईल की रे!"

"तो प्रश्न नाही," घुम्या ताडकन म्हणाला. "प्रश्न गाडीचा आहे."

तिघांना मागच्या सीटवर घेऊन करडी गल्ल्या ओलांडून, चढ चढून, बाजाराच्या रस्त्याला लागली. एका शिंप्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या पंजाला पट्टी बांधायची होती. दुकानापाशी पोहोचताच घुम्या म्हणाला, "आत्या, बंद कर. आणि लगेच परत सुरू कर."

किल्ली फिरली. खाड्‌कन गाडी सुरू झाली!

"म्हणजे गरम असतानाही सुरू होते!" तोफ बुचकळ्यात पडली. "मग आपण उगाच उस्तादांशी भांडलो?"

"थांब," घुम्या म्हणाला.

आत्याने गाडी बंद केली आणि ती दुकानात गेली. कुत्र्याने पट्टीला बराच विरोध केला. शिंपीही अधूनमधून कुत्र्याच्याच बाजूने बोलत होता. आत्या परत आली, तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. तिने किल्ली फिरवली.

घर्र घर्र घर्र घर्र... करडी नुसतीच घरघरत राहिली. पेट घेईना!

"दुखतंय!" शेपूट आनंदाने ओरडला. "दादा, आता दुखतंय!"

मागे एका टेंपोवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. "बाई, घोडा जुंपा, घोडा!"

"तुम्हीच या, जुंपतो!" तोफेने गोळा डागला. टेंपोवाल्याने हॉर्न सोडला आणि गुपचूप बाजूने गाडी काढली.

"दिवे लाव," घुम्या म्हणाला. दिवे लख्ख लागले. किल्ली फिरवली की स्टार्टरही जोमाने फिरत होता. म्हणजे बॅटरी निर्दोष, स्टार्टरही निर्दोष. तोफेचा संशयित सुटला आणि तिचा चेहरा पडला.

आत्याने बॉनेट उघडले. "कुणी आत हात घालायचा नाही. भाजेल. डोळ्यांनी काय पाहायचं ते पाहा."

गरम हवेचा लोट तोंडावर आला. मुले फुटपाथवर बसली. घुम्या इंजिनाकडे तसाच पाहत राहिला, जसा तो सकाळी उजेडाकडे पाही. बऱ्याच वेळाने आत्याने पुन्हा किल्ली फिरवली आणि कुणी काहीही दुरुस्त न करता करडी सुरू झाली.

परतीच्या वाटेवर तो खिडकीबाहेर पाहत होता. शेवटी म्हणाला, "थंड असताना दुखत नाही. चालत असताना दुखत नाही. चालून लगेच सुरू केली तरी दुखत नाही. पुष्कळ वेळ थांबली तरी नाही. फक्त तापून थोडा वेळ उभी राहिली, की दुखतं."

"बापरे! हे तर कोडंच झालं," तोफ म्हणाली.

"चालताना वाहत असतं आणि उभं राहिल्यावर उन्हात ताटकळल्यासारखं गरम जागी अडकून पडतं, असं काय आहे गाडीत?"

"पाणी!" शेपूट म्हणाला.

"पेट्रोल," आत्या सावकाश म्हणाली. तिने गाडी कडेला घेतली. "अरे! पेट्रोलला उकळायला पाण्याइतकी उष्णता लागतच नाही. पाइपात त्याची वाफ झाली, तर पंप ओढणार काय? वाफ! इंजिनाला पेट्रोलच पोहोचणार नाही. पाइप थंड झाला, की वाफेचं पुन्हा पेट्रोल."

"ही झाली शंका," घुम्या म्हणाला. "दुसरी शंकाही आहे. इंजिनाशेजारचा तो काळा डबा."

"कॉइल. ठिणगी देणारी. हो, तीही तापली की रुसते कधीकधी."

"मग दोघांनाही विचारू," घुम्या म्हणाला. "पण आपल्या अंगणात नाही. उस्तादांच्या दारात!"

तोफेने एवढी मोठी आरोळी ठोकली, की रस्त्यावरची दोन माणसे थबकली.

घरून दोन फडकी आणि थंड पाण्याची बादली घेऊन करडी पुन्हा बाहेर पडली. मोठा फेरा मारून, भरपूर तापून, ती गॅरेजच्या दारात बरोबर मधोमध उभी राहिली. आत्याने इंजिन बंद केले.

"ओ बाई, गाडी बाजूला घ्या! आतल्या गाडीला बाहेर काढायचंय!" उस्ताद आतून ओरडले.

"जरा थांबू की," आत्या म्हणाली. "तुमच्याकडे चहा बरा मिळतो म्हणे."

उस्तादांनी नाइलाजाने चहा मागवला. मुले तो इतक्या चवीने आणि सावकाश प्यायली, की उस्तादांचा पाय आपोआप हलू लागला. शेपटाने तळाची साखर बोटाने चाटून खाल्ली. मग आत्या उठली आणि म्हणाली, "हं, घेते गाडी बाजूला." तिने किल्ली फिरवली.

घर्र घर्र घर्र...

उस्तादांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आता तपासा!" घुम्या त्यांच्यासमोर उभा राहिला. "आत्ता ती आजारी आहे. सकाळी सगळेच बरे असतात!"

"अरे, स्टार्टर बदलला की..."

"स्टार्टर फिरतोय. तुम्हालाही ऐकू येतंय."

गॅरेजातली ठोकाठोक थांबली. आत्याने ओले फडके पिळून कॉइलवर ठेवले. सगळे थांबले. किल्ली. घर्र घर्र... काही नाही!

"बघा! पोरखेळ!" उस्ताद म्हणाले, पण ते जवळ सरकले होते.

आत्याने दुसरे फडके चांगले भिजवले आणि पेट्रोलच्या पाइपावर, पंपापासून पुढपर्यंत, लपेटले. फडक्यातून बारीक वाफ निघाली. शेपटाने डोळे घट्ट मिटून घेतले. तोफेने, आयुष्यात प्रथमच, श्वाससुद्धा आवाज न करता घेतला.

किल्ली फिरली. घर्र... खाड्‌!

करडी धडधडू लागली!

मग जो कल्ला झाला, त्यात उस्तादही सामील होते हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आले नाही. "पाइप! अरे, पाइप तापतोय!" ते फडके बाजूला सारून वाकून पाहू लागले. "पण का तापावा? कंपनीने तो गरम भागांपासून लांबून नेलेला असतो..." आणि त्यांची नजर पाइपामागोमाग सरकली.

पेट्रोलचा पाइप लांबून नेलेला नव्हता. रेडिएटरकडे जाणाऱ्या उकळत्या पाण्याच्या जाड पाइपाला तो बिलगून होता, लांबीभर, मेण लावलेल्या दोऱ्याने घट्ट बांधलेला. सारख्याच अंतरावर, खालच्या बाजूला दडलेल्या गाठी. एकही टोक सुटे नाही.

"हे माझ्या गॅरेजातलं काम नाही," उस्ताद म्हणाले. "आम्ही क्लिपा लावतो. खरं सांगतो, ही बांधणी मी पाहिली होती. मला वाटलं, वा, किती नीटनेटकं! म्हणून मी पुढे पाहिलंच नाही."

मुले मात्र त्या गाठींकडे पाहत राहिली. घरातला झाडू त्याच गाठीने टांगलेला होता. पडद्यांच्या दोऱ्या, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, शाळेच्या दप्तराचा तुटलेला पट्टा, आणि आज सकाळी फाटकाची साखळी.

"दादा," शेपूट कुजबुजला, "ही तर बाबांची..."

"माहीत आहे," घुम्या म्हणाला.

उस्तादांनी दोरा कापायला कात्री उचलली. घुम्याने त्यांचा हात धरला. "नको. जखम आधी घरच्यांना दाखवायची."

संध्याकाळी बाबा आले, तेव्हा अंगणात करडी होती, उस्ताद होते आणि बॉनेट उघडे होते. वातावरणात काहीतरी वेगळे आहे, हे त्यांनी ओळखले.

"काय आहे हे?"

घुम्याने सगळे सांगितले. सकाळपासून जपून ठेवलेले शब्द एकामागून एक येत गेले. ते संपले तेव्हा बाबांचा चेहरा कठोर झाला होता.

"गाठ काय, कुणीही मारेल. जुनी गाडी आहे, एक पाइप सोडला तर दुसरं काहीतरी निघेल. विषय संपला."

"संपला नाही," घुम्या म्हणाला. "बाबा, गाडीत बसा."

"काय म्हणालास?"

"गाडीत बसा. तुमच्यासमोर दोरा कापू. तुमच्यासमोर तापवू. तुमच्यासमोर थांबवू. नाही सुरू झाली, तर तुम्ही म्हणाल ते. पण पाहिल्याशिवाय नाही!"

बाबांनी मुलाकडे असे पाहिले, जणू तो अचानक उंच झाला होता. मग ते पुढच्या सीटवर जाऊन बसले.

उस्तादांनी दोरा कापला, पाइप मूळच्या वाटेने लांबून नेला आणि नव्या क्लिपेत बसवला. करडी निघाली. चढ चढली, बाजार फिरली, पुन्हा चढ चढली. शिंप्याच्या दुकानापाशी आत्याने ती बंद केली. कुत्रा पट्टी मिरवत बाहेर आला आणि त्याने तोफेचा हात चाटला. सकाळी जेवढे थांबले होते, तेवढेच थांबले.

आत्याने किल्ली फिरवली.

खाड्‌कन!

पुन्हा तापवली, पुन्हा थांबवली, पुन्हा खाड्‌कन! तोफ इतकी ओरडली, की कुत्रा दुकानात पळाला.

घरी उतरल्यावर बाबांनी तो कापलेला दोरा उचलला आणि बोटांवर गुंडाळू लागले.

"सुट्टीच्या सुरुवातीला मी गाडी धुतली होती," ते म्हणाले. "पाइपाची क्लिप तुटली होती, तो लोंबत होता. घासून फुटेल असं वाटलं. म्हणून बांधला. मला लोंबतं काही बघवत नाही."

"मुद्दाम बांधला?" शेपटाने विचारले. त्याला अवघड प्रश्न कळत नसत, म्हणून तो ते सहज विचारी.

"नाही रे," बाबा म्हणाले. मग आत्याकडे न पाहता, "पण ती बंद पडायला लागली, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. हे खरं आहे."

आत्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, वेडा आहेस."

"आहेच," बाबा म्हणाले. मग ते घुम्याकडे वळले. "आणि तू! बापाला गाडीत बसवलंस. माझ्या गोदामात एवढी माणसं आहेत, पण 'पाहिल्याशिवाय नाही' म्हणणारा एकही नाही. शाबास!"

उस्तादांनी आपला तेलकट हात पँटला पुसून पुढे केला. "डॉक्टर, आजपासून तापून रुसणारी प्रत्येक गाडी मी तापवूनच बघणार. आणि या तोफेला माझ्या दारात कायमची जागा. हॉर्नची गरज राहणार नाही!"

"मला?" शेपूट म्हणाला.

"तुला टायर!"

सगळे हसले. आत्या आत गेली. खिडकीतून तिचा आवाज आला, फोनवरचा, जरा उंच आणि जरा कापरा. "हो. येते. उद्याच निघते... नाही, नाही, गाडीची काही अडचण नाही. माझी स्वतःची आहे. उत्तम चालते."

तोफेने आणि शेपटाने गाडीभोवती फेर धरला. बाबा टाळ्या वाजवत होते. घुम्याही टाळ्या वाजवत होता, सगळ्यांत जोरात. सबंध दिवस तो एका गोष्टीकडे पाठ करून उभा राहिला होता. आता पाहण्यासारखे दुसरे काहीच उरले नव्हते.

उद्या आत्या जाणार होती.